गुऱ्हाळाचं ऑफर लेटर

दर मे महिन्यात माझ्या टेबलावर एक यादी येते. तीन वर्षांपूर्वी आमच्या कॉलेजातून बी.एस्सी. होऊन गेलेल्या मुलामुलींची नावं, त्यांचे पीआरएन (विद्यापीठाने दिलेले कायमचे नोंदणी क्रमांक) आणि प्रवेशाच्या वेळी फॉर्मवर लिहिलेले मोबाईल नंबर. या मुलांचं पुढे काय झालं ते फोन करून विचारायचं आणि तक्त्यात भरायचं, हे काम. कॉलेजांचं मूल्यांकन करणाऱ्या नॅकच्या सात निकषांपैकी पाचवा निकष विद्यार्थ्यांचं साहाय्य आणि प्रगती यांविषयीचा आहे. कॉलेजात निकषांची वाटणी झाली त्या दिवशी मी रजेवर होतो, म्हणून तो माझ्या वाट्याला आला. कॉलेज कोल्हापूरपासून एसटीने तासाभरावर, मी रसायनशास्त्र शिकवतो, आणि गेली काही वर्षं सुट्टीतल्या संध्याकाळी शंभरावर माणसांना एकच प्रश्न विचारत बसतो: सध्या काय करतोस?

सुरुवातीला हे कारकुनी काम वाटलं होतं. आता वाटतं, प्रादेशिक विद्यापीठाने आणि त्याच्या कॉलेजांनी करायच्या कामांत हे पहिल्या दोन-तीनांतलं काम आहे, आणि नेमकं तेच आपण सगळ्यांत उरकल्यासारखं करतो.

बरेचसे नंबर बंदच लागतात. रिचार्जची ऑफर जिकडे, तिकडे मुलं. मुलींच्या नावापुढचा नंबर बहुतेक वेळा वडिलांचा. वडील आधी ‘कुठलं सर?’ म्हणून खात्री करून घेतात, मग ‘दिली की तिला, गडहिंग्लजला’ एवढं सांगतात. मुलगी काय करते या प्रश्नाचं उत्तर त्यांच्या मते ‘दिली’ या शब्दात येऊन गेलेलं असतं. जी मुलं फोन उचलतात त्यांतली काही एकदम मोकळी. ‘सर, शिरोलीत हाय, फौंड्रीत. लॅबला.’ कुणी वेर्ण्याला, कुणी लोट्याला औषध कंपनीत क्यूसीला, म्हणजे गुणवत्ता तपासणीला. एखादा साखर कारखान्यात हंगामापुरता केमिस्ट: गाळप बंद झालं की घरी, दिवाळीच्या सुमाराला पुन्हा हजर. आणि काही जण प्रश्न ऐकून क्षणभर गप्प होतात. त्यांच्याकडे मी परत येणार आहे.

आधी गप्प न बसलेल्या एकाची गोष्ट. करवीर तालुक्यातला मुलगा, वर्गात मागच्या बाकावर, प्रॅक्टिकलला मात्र हात चांगला. फोन लागला तेव्हा पलीकडे एवढा गलका की मला दोनदा नाव विचारावं लागलं. ‘सर, आधण उतरायला आलंय, धा मिन्टात करतो,’ म्हणाला आणि कट. दहा मिनिटांत खरंच फोन आला. एरवी मेपर्यंत गुऱ्हाळं थंडावलेली असतात, त्या वर्षी ऊस मागे राहिला होता. वडिलांचं गुऱ्हाळ आता हा चालवतो. चिपाड ओलं असलं की चुलवाण कसं धुमसतं, गुळव्या मिळणं किती अवघड झालंय, हे सगळं सांगत होता. गुळव्या म्हणजे गुऱ्हाळातला खरा मालक. काहिलीतला पाक कधी उतरवायचा ते तो पाण्यात थेंब टाकून, बोटांत गोळी वळून ठरवतो, आणि त्याच्या शब्दावर कुणी बोलत नाही.

या पोराने केलं काय, तर रसात चुना किती घालायचा ते पीएचच्या पट्टीवर ठरवायला सुरुवात केली. उसाचा रस मुळात आंबट, पीएच पाच-साडेपाचच्या घरात. चुना कमी पडला तर गूळ मऊ राहतो, धरत नाही. जास्त झाला तर काळवंडतो. पूर्वी चुना मुठीने पडायचा, मूठ ज्याची त्याची. ‘तुम्ही ते टायट्रेशन घोटून घेतलेलं ना सर, ते हितं कामाला आलं बघा.’ रंग उजळायला गुळात जी पावडर टाकतात ती न टाकता, भेंडीच्या चिकावर मळी नीट काढून रंग कितपत राखता येतो, यावर त्याचं बरंच डोकं चाललं होतं. कोल्हापुरी गुळाला २०१४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं आणि आपण सगळ्यांनी अभिमानाने छाती फुगवली. ते मानांकन काहिलीपाशी उभं राहून टिकवायचं काम असले चार लोक करत असतात. वीस वर्षं बी.एस्सी.ला आम्ल-आम्लारी शिकवून माझ्या पदरात पडलेली ही सगळ्यांत चांगली बातमी.

मी खूश होऊन त्याचं नाव तक्त्यात घातलं. तक्ता कॉलेजच्या समितीपुढे गेला तेव्हा विचारणा झाली, नेमणूकपत्र कुठाय? पगाराचा दाखला? मी म्हटलं, घरचा धंदा आहे, याला नेमणूकपत्र कोण देणार, काहिली? सगळे हसले आणि नाव वगळलं गेलं. त्या वर्षीच्या आमच्या ‘प्रगती’त तो मुलगा नाही. त्याच्याच वर्गातला, पुण्यात एका कॉल सेंटरला लागून चौथ्या महिन्यात घरी परतलेला मुलगा मात्र आहे. कारण त्याचं ऑफर लेटर आमच्याकडे आहे.

सगळा दोष तक्त्यावर ढकलणं सोपं आहे. तक्ता बाहेरून येतो हे खरं, पण तो भरताना घाबरतो ते आम्ही. ज्याचा कागद जोडता येतो तेवढंच घडलं, अशी आमची हळूहळू समजूत होत गेली. शिक्षणसंस्थांची राष्ट्रीय क्रमवारी २०१६ पासून निघते. तिच्यासाठी नोकरीला लागलेल्यांचा मध्यक पगार कळवावा लागतो. मध्यक म्हणजे सगळ्या पगारांची रांग लावायची आणि मधला उचलायचा. रांगेत जे उभेच राहिले नाहीत त्यांची त्यात गणती नसते. महानगरातल्या अभियांत्रिकी संस्थेचं काम या मापाने कदाचित कळत असेल. पण इचलकरंजीच्या यंत्रमागवाल्याची, हुपरीच्या चांदी कारागिराची, शिराळ्याच्या कोरडवाहू शेतकऱ्याची पोरं ज्या विद्यापीठातून घरातले पहिले पदवीधर होतात, त्या विद्यापीठाने साठ वर्षांत काय केलं हे मधल्या पगारावरून कसं कळणार? गूळवाल्याचा तर पगारच नाही. त्याला आहे तो हंगाम, आणि सौद्यात निघेल तो दर.

म्हणजे संस्थेच्या दप्तरात खबर नाही. मग पदवीधरांची खबर ठेवतं कोण?

चौक ठेवतो. कोल्हापुरात फ्लेक्सला नुसतं ‘डिजिटल’ म्हणतात. फौजदार झाला, लावा डिजिटल. तलाठी झाला, लावा. हलगी लागते, गुलाल उडतो, उघड्या जीपमधून मिरवणूक निघते, आणि बोर्डावर खाली पंधरा शुभेच्छुकांचे गॉगल लावलेले फोटो. मला या मिरवणुकीचा राग नाही. ज्या घरात कुणी साहेब झालेला नव्हता त्या घराच्या दारात हलगी वाजलीच पाहिजे. पण त्या बोर्डावर एक फोटो असतो, आणि त्याच अभ्यासिकेत त्याच्या शेजारी बसून तेवढाच अभ्यास केलेल्या दहा-बारा जणांचा कुठेच नसतो. एक बोर्ड लागला की पुढच्या जूनमध्ये माझ्याकडे पाच-सहा जण येतात: ‘सर, एमपीएससी करायची.’ त्यांना जगाबद्दल मिळालेली माहिती तेवढीच. ती खोटी नसते, अर्धी असते.

बॅचचे व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपही तसलेच. वाकडचा फ्लॅट, नवी गाडी, कॅनडाचा व्हिसा, पोराचा पहिला वाढदिवस. बाकीचे अंगठे दाखवतात. एक दिवस कुणीतरी मुकाट्याने ग्रुप सोडतो, तर ‘चुकून झालं असेल’ म्हणून त्याला पुन्हा आत घेतात. जो बोलत नाही त्याचं निवांत चाललंय, असं सगळ्यांनी धरलेलं असतं. स्नेहमेळाव्यांचीही हीच तऱ्हा. स्टेजवर बसायला बोलावतात ते देणगी देऊ शकणारे. खाली बसायला बोलावतात ते टाळ्या वाजवू शकणारे. जो दोन्ही करण्याच्या परिस्थितीत नाही तो त्या रविवारी ‘गावाला जायचंय’ म्हणून सांगतो.

आता त्या गप्प बसणाऱ्यांकडे येतो. इथे माझी स्वतःची एक चूक सांगायला हवी. पहिल्याच वर्षी आधीच्या एका बॅचच्या हुशार मुलाला फोन केला. कॉलेजात पहिल्या तिनांत आलेला. मी उत्साहात म्हणालो, ‘काय, साहेब झालास का नाही अजून?’ बराच वेळ काही नाही. मग ‘बघतोय सर.’ तो पुण्यात स्पर्धा परीक्षांची तयारी करत होता हे मला ठाऊक होतं. पण पहिलं वर्ष, दुसरं वर्ष करता करता तो सहाव्या वर्षात पोचला होता, हे मी मोजलं नव्हतं. आता तो गावी आहे. बाजाराच्या दिवशी स्टँडवर मी दिसलो की पलीकडच्या फलाटावर जातो. एका प्रश्नाने मी एक विद्यार्थी घालवला.

पुढे त्याच्याबद्दल विचार करताना माझ्या लक्षात आलं, या मुलाकडे जे आहे ते आमच्या संपूर्ण कॉलेजात कुणाकडे नाही. सहा वर्षांचा हिशेब आहे. कॉटबेसिसवर जागा किती लागते, मेसला किती जातात, कुठला क्लास फीपुरता चांगला आणि शिकवण्यापुरता नाही. जाहिरात निघते कधी, लांबते किती. राज्यसेवेची मुख्य परीक्षा २०२५ पासून वर्णनात्मक झाली, तेव्हा बहुपर्यायी प्रश्नांवर चार-चार वर्षं घालवलेल्यांचं काय झालं. आणि सगळ्यांत मोलाचं: थांबायला कधी हवं होतं. या विषयावर अधिकारवाणीने बोलू शकणारा माणूस तालुक्यात राहतो आणि आम्ही दर वर्षी ‘स्पर्धा परीक्षा मार्गदर्शन’ या कार्यक्रमाला पास झालेल्यालाच बोलावतो. पास झालेला सांगतो, जिद्द सोडू नका. तो दुसरं काय सांगणार, त्याच्या बाबतीत जिद्दीचं फळ मिळालेलं असतं.

विद्यापीठाने पदवीधरांची खबर ठेवावी असं मी म्हणतो ते या मुलासाठी. नावलौकिकासाठी म्हणत नाही. नावलौकिकाची व्यवस्था चौकात झालेली आहे.

कोल्हापुरात हे नवं वाटण्याचं कारण नाही. दसरा चौकातून जाताना ज्या बोर्डिंगांच्या इमारती दिसतात त्यांची गोष्ट आपण वसतिगृहांची गोष्ट म्हणून सांगतो. शाहू महाराजांनी १९०१ पासून वेगवेगळ्या समाजांच्या मुलांसाठी बोर्डिंगं उभी केली, त्यामुळे खेड्यातली पोरं शहरात राहून शिकली. पण त्यांनी दुसरीही एक गोष्ट पाहिली: शिकलेला बसतो कुठे? १८९४ मध्ये त्यांनी राज्यकारभार हाती घेतला तेव्हा दरबारच्या सामान्य प्रशासनातल्या ७१ जागांपैकी ६० जागांवर ब्राह्मण अधिकारी होते, आणि कारकुनीच्या ५०० जागांत ब्राह्मणेतर अवघे १०. हे मोजलेलं होतं म्हणून १९०२ साली पन्नास टक्के जागा मागासवर्गीयांसाठी राखून ठेवण्याचा हुकूम निघाला तेव्हा त्याच्यामागे नुसती दया नव्हती, हिशेब होता. आणि १९१२ मध्ये ९५ जागांपैकी ब्राह्मण अधिकारी ३५ असा आकडा सांगता येतो, म्हणून हुकूमाचं पुढे काय झालं तेही कळतं. शाळा काढणारे राजे इतरही होते. शाळेतून निघालेला माणूस कुठल्या खुर्चीपर्यंत पोचला आणि कुठल्या खुर्चीपर्यंत नाही, हे मोजणारे थोडे.

त्याच शहरात १८ नोव्हेंबर १९६२ रोजी शिवाजी विद्यापीठ सुरू झालं. उद्घाटनाला राष्ट्रपती राधाकृष्णन आले होते, पहिले कुलगुरू इतिहासकार आप्पासाहेब पवार. २००४ मध्ये सोलापूरला स्वतंत्र विद्यापीठ झालं. आज कोल्हापूर, सांगली, सातारा हे तीन जिल्हे, दोनशेहून अधिक कॉलेजं, आणि दर वर्षीच्या दीक्षान्त समारंभात पन्नास हजारांच्या आसपास पदव्या. समारंभाच्या निमित्ताने ग्रंथदिंडी निघते, ते दृश्य मला मनापासून आवडतं. पण पन्नास हजार हा आकडा दिंडीत ऐकताना मला दर वेळी त्याचा दुसरा अर्धा भाग ऐकावासा वाटतो. मागच्या पन्नास हजारांचं काय? त्याच्या मागच्या?

आता मुलींबद्दल, कारण या बाबतीत आपण मुलींइतकं कुणालाच हरवत नाही. विज्ञानाच्या वर्गात आता मुलीच पुढे असतात, गुणवत्ता यादीत तर विचारू नका. आणि तीन वर्षांनी त्यांच्याच नावापुढचा रकाना सगळ्यांत जास्त रिकामा. आडनाव बदललेलं, नंबर वडिलांचा, गाव बदललेलं. एका मुलीचा माग मला तिच्या मैत्रिणीच्या मैत्रिणीकडून लागला. विचारल्यावर म्हणाली, ‘काही नाही सर, घरीच असतो.’ (आमच्याकडे मुली असतो, येतो, गेलो असंच बोलतात; बाहेरच्यांना गंमत वाटते.) मी फोन ठेवणार, तेवढ्यात मागून पोरांचा पाढे म्हणतानाचा आवाज. ‘ही कोण पोरं?’ तर बाई आठवी ते दहावीच्या गणित-विज्ञानाच्या शिकवण्या घेते, सकाळ-संध्याकाळ, सासरच्या सोप्यात. शिवाय दिराच्या सूत व्यापाराचे जीएसटीचे कागद तीच बघते. म्हणजे दोन नोकऱ्या. आणि ती स्वतः सांगते, काही नाही. तक्त्यात मीही आधी ‘गृहिणी’ लिहिणार होतो. फोनवर दहा मिनिटं जास्त थांबलो नसतो तर दोन माणसांचं काम ‘काही नाही’ म्हणून नोंदलं गेलं असतं.

यावरून मला एवढं कळलं की प्रश्नच चुकीचा आहे. ‘सध्या काय करतोस’ याचा अर्थ आपल्याकडे ‘नोकरी लागली का’ एवढाच होतो. त्याऐवजी विचारावं: सकाळपासून संध्याकाळपर्यंत वेळ कशात जातो? घरात पैसा कुठून येतो, त्यात तुझा वाटा आहे का? आमच्याकडे शिकलेलं काय उपयोगी पडलं, काय अजिबात पडलं नाही? काय आधी कळलं असतं तर बरं झालं असतं? आणि शेवटचा, आजच्या मुलांशी एकदा बोलायला येशील का? पुरावा मागू नये. लोक फोनवर खोटं बोलतील ही भीती मला फारशी पटत नाही. बढाई मारणारे असतात, पण माझ्या अनुभवात आपलं काम लपवून सांगणारे त्यांच्याहून जास्त निघाले.

हे पदवीनंतर दोन वर्षांनी विचारावं, पाच वर्षांनी पुन्हा, आणि दहा वर्षांनी पुन्हा. इटलीतल्या विद्यापीठांचा एक समूह १९९४ पासून हेच काम करतो; पदवीधरांना एक, तीन आणि पाच वर्षांनी गाठतो. ब्रिटनमध्ये शिक्षण संपल्यावर सव्वा वर्षाने सर्वांना प्रश्नावली जाते. आपल्याकडे साधनं नाहीत असं म्हणायलाही जागा उरलेली नाही. आडनाव बदललं तरी पीआरएन बदलत नाही, आणि २०२१ पासून श्रेयांक खात्याची, म्हणजे विद्यार्थ्याचे श्रेयांक त्याच्या नावावर जमा ठेवणाऱ्या डिजिटल खात्याची, सोयही झाली आहे. उरतो प्रश्न फोन करणार कोण हा. माझं उत्तर: कमवा आणि शिका योजनेतली मुलं. कर्मवीर भाऊराव पाटलांपासून या भागात स्वावलंबनाचं शिक्षण रुजलं आहे, आणि अजून ही मुलं बागेत, ग्रंथालयात काम करून शिकतात. त्यांतल्या काहींना संध्याकाळी दोन तास फोन करू द्या. दुसऱ्या वर्षाला असलेला मुलगा सहा वर्षं आधी त्याच बाकावर बसलेल्याशी बोलेल. मला ‘बघतोय सर’ म्हणणारा त्याला ‘हे बघ भावा’ म्हणून खरं सांगेल. मार्गदर्शनाचं शिबिर भरवून जे होत नाही ते त्या फोनवर होऊन जाईल, नोंद झाली तर झाली.

नोंद मात्र उघडी असावी. माणसांची नावं नकोत. विषय, तालुका आणि वर्ष पुरे. रसायनशास्त्राचे इतके: इतके औषध कंपन्यांत, इतके फौंड्रीच्या लॅबला, इतके शेतीत, इतके अजून तयारीत, आणि इतक्यांचा पत्ता लागला नाही. तो शेवटचा आकडा मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो. बी.एस्सी.ला प्रवेश घेणाऱ्या मुलाने आणि त्याच्या बापाने तो पाहावा. शिरोली, गोकुळ शिरगाव, कागलच्या कारखानदारांनीही पाहावा, कारण ते मला भेटले की म्हणतात माणसं मिळत नाहीत, आणि पोरं भेटली की म्हणतात कामं मिळत नाहीत. दोघंही खरं बोलतात. मध्ये असायला हवी ती माहिती नाही.

यावर जे आक्षेप येतात त्यांतला एक लवकर निकालात काढता येतो: विद्यापीठ म्हणजे काही रोजगार विनिमय केंद्र नव्हे. अगदी मान्य. विद्यापीठाचं ब्रीदच ‘ज्ञानमेवामृतम्’ आहे. पण ते अमृत पिऊन माणसाचं काय झालं हे विचारणं ब्रीदाला धरूनच आहे. एम.ए. मराठी होऊन दुधाची डेअरी चालवणारा रात्री काय वाचतो, हेही त्या पाच प्रश्नांत येतं. उलट फक्त पगार विचारला की विद्यापीठाचं रोजगार केंद्र होतं.

दुसरा आक्षेप जड आहे. एक ज्येष्ठ सहकारी मला म्हणाले, ‘तू हे आकडे उघडे करशील आणि उद्या कुणीतरी म्हणेल, इतिहासाला नोकरी नाही, बंद करा इतिहास. तत्त्वज्ञान बंद करा. मग?’ ही भीती खरी आहे आणि माझ्याकडे तिचं पुरतं उत्तर नाही. आकड्याचा उपयोग कोण कसा करेल हे आकडा काढणाऱ्याच्या हातात नसतं. एवढंच म्हणतो की आकडे नसल्यामुळे हे विषय वाचलेले दिसत नाहीत. जागा रिकाम्या राहतात, विभाग तासिका तत्त्वावर चालतात. आमच्याच विभागात तासिकेवर शिकवणारे दोघे सेट-नेट, म्हणजे प्राध्यापकीच्या पात्रता परीक्षा, पास झालेले आहेत. त्यांच्या कॉलेजांनी त्यांना एव्हाना ‘नोकरीत’ म्हणून मोजलं असेल. सुट्टीत तासिका नसतात आणि तासिका नाही तर मानधन नाही. म्हणजे मे महिन्यात मी ज्या टेबलावर बसून लोकांना ‘सध्या काय करतोस’ विचारतो, त्याच टेबलापलीकडे बसणाऱ्याला तो प्रश्न विचारायची माझी छाती होत नाही.

आणि खबर ठेवता येत नाही असं कुणी म्हणालंच, तर त्याला पदवीधर मतदारसंघाची आठवण करून द्यावी. पुणे विभागाचा मतदारसंघ पुणे, सातारा, सांगली, सोलापूर आणि कोल्हापूर अशा पाच जिल्ह्यांचा. निवडणूक सहा वर्षांनी, मागची डिसेंबर २०२० मध्ये झाली. यादी दर वेळी नव्याने करायची असते, त्यामुळे अगोदर नोंदणी करून ठेवली होती वगैरे चालत नाही. पदवी मिळून तीन वर्षं झालेल्या प्रत्येकाला शोधून नमुना १८ भरून घ्यायचा. तर कार्यकर्ते शोधतात! वाडीवस्तीवर जातात, पदवीची झेरॉक्स काढून आणतात, ती साक्षांकित करून घेतात, सासरी गेलेल्या मुलीचा फॉर्मसुद्धा सासरी जाऊन भरतात. मला तीन संध्याकाळी न सापडलेला मुलगा त्यांना एका फेरीत सापडतो. ज्याला गरज असते त्याला पत्ता लागतो.

परवा बाजारात गूळवाला भेटला. त्याच्याकडेही कार्यकर्ते येऊन गेले होते. फॉर्मवर शिक्षणाबरोबर व्यवसायाचाही रकाना असतो. मी विचारलं, तिथे काय लिहिलंस?

‘गूळ उत्पादक.’

‘पुरावा मागितला का कुणी?’

‘पदवीचा मागितला की सर. गुळाचा कशाला मागतील?’ म्हणाला, आणि डिकीतून गुळाचा एक किलोचा रवा काढून माझ्या पिशवीत टाकला.